घात आणि घातांक यांत गल्लत नको

संपादक महोदय,

कोल्हापुरातील शिकवण्यांच्या फळ्यांवर 'घात' आणि 'घातांक' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, याकडे लक्ष वेधू इच्छितो. २ चा पाचवा घात ३२ असतो. यात २ हा पाया, ५ हा घातांक आणि ३२ हा घात, त्यामुळे '५ हा घात आहे' असे म्हणणे चूकच. त्याहून घातक (श्लेष क्षम्य मानावा) वाक्य म्हणजे '२ ला २ ने पाच वेळा गुणा', कारण तसे अक्षरशः केल्यास उत्तर ६४ येते. '२ ही संख्या पाच वेळा घेऊन गुणाकार करा' असे सांगावे, म्हणजे गुणण्याची क्रिया चारच वेळा होते. अर्थात, हेही धन पूर्णांक घातांकापुरतेच खरे. शून्य किंवा उणे तीन वेळा २ ही संख्या घेणे निरर्थक असल्याने, घातांकांचे नियम अबाधित राहावेत म्हणून तेथे अनुक्रमे १ आणि एक अष्टमांश या किमती ठरवल्या आहेत, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवे. 'उणे तीनचा वर्ग' कंसासह लिहिल्यास, म्हणजे (−३)², ९, तर कंस नसताना, म्हणजे −३², उणे ९. तेव्हा वाचताना कंसही उच्चारावा.

– एक गणित शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर