कोचा पोपोविच कुठे गेले?

संपादक महोदय,

अलिप्ततावादाचा विषय निघाला की नेहरू, नासर, टिटो ही तीन नावे ठरलेली. बेलग्रेडमध्ये सप्टेंबर १९६१ मध्ये २५ देशांची पहिली परिषद भरली, तेव्हा यजमान असलेल्या टिटोंच्या युगोस्लाव्हियाचे परराष्ट्रमंत्री असलेले कोचा पोपोविच मात्र आपल्याकडे कुणाला आठवत नाहीत.

बेलग्रेडचा हा सर्बियन माणूस पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकला आणि अतिवास्तववादी कविता लिहू लागला. (कवी परराष्ट्रमंत्री होणे आज कल्पनेतही बसणार नाही!) पुढे तो स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला. नाझींविरुद्ध पार्टिझनांच्या, म्हणजे टिटोंच्या गनिमी सैन्याच्या, पहिल्या प्रोलेटेरियन ब्रिगेडचे नेतृत्व त्याने केले, युद्धानंतर लष्करप्रमुख झाला. १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षे परराष्ट्र खाते त्याच्याकडे होते. युगोस्लाव्हियाचे स्टालिनशी फाटल्यावर मॉस्कोशी पुन्हा बोलणी सुरू करायची, पण तिच्या दावणीला जायचे नाही, हे नाजूक काम याच काळातले.

मला अधिक मोलाचे वाटते ते १९७२. टिटोंनी सर्बियातल्या उदारमतवादी नेत्यांना हटवले, तेव्हा पोपोविच यांनी पदे सोडली आणि सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. १९९२ मध्ये दुब्रोव्हनिकला त्यांचे निधन झाले. अलिप्ततेवरच्या पुढच्या लेखात त्यांच्यासाठी निदान एक परिच्छेद राखावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा