सूचना : दुसऱ्याच्या नक्षीची नक्कल नको

भरतनाट्यमच्या पोशाखांवर भरतकाम करणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार.

गॅदरिंग, अरंगेत्रम (शिष्याचा पहिला जाहीर नृत्यप्रयोग) यांचे दिवस आले की गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो पुढे करतं, ‘डिट्टो असंच हवं’. अशा वेळी आधी विचारा, काम कुणाचं आहे? कोयरी, कमळ, मोर, टेंपल बॉर्डर ही कुणाची खासगी मालमत्ता नाही, खुशाल वापरा. पण पिसाऱ्यातून निघालेली वेल पंख्याच्या, म्हणजे पोशाखाच्या पुढच्या चुणीदार भागाच्या, चुण्यांवर अशी बेतायची, की अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धवट) बसल्यावर ती सलग उलगडेल, ही मांडणी कुणीतरी डोकं लढवून बसवलेली असते. फोटो मोठा करून त्यावरून खाका (कापडावर उतरवायचा नमुना) टोचणं म्हणजे चोरीच. जरदोशीऐवजी (जरीच्या भरतकामाऐवजी) कटदाणा (बारीक मणी) लावला, रंग बदलला, या सबबी ऐकल्या जाणार नाहीत.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवलेल्या नक्षीला १० वर्षं, मुदत वाढवल्यास आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. आपल्यापैकी फार थोडे नोंदणी करतात, ते सोडा. नोंदणी नाही म्हणून नक्षी बेवारस होत नाही.

फाटलेला किंवा हरवलेला पंखा जुळवून देणं ही दुरुस्ती, तिला हरकत नाही. बाकी नक्षी हवीच असेल तर मूळ कारागिराला फोन करा, मोबदला ठरवा किंवा ऑर्डर त्यांच्याकडेच पाठवा.