तेंपेचा दर्जा ठरवायचा कोणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंडोनेशियन पदार्थांच्या चाखणीवर आलेला लेख चिपळूणहून माझ्या बहिणीने मला पाठवला. मी बऱ्याच वर्षांपासून इंडोनेशियातल्या योग्यकार्ता इथे खाद्यपदार्थांच्या चाचणीचे काम करते. पदार्थ चाखून, हुंगून, बोटांनी दाबून त्याचे नेमके वर्णन करणाऱ्या माणसांचे पॅनेल तयार करणे आणि चालवणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे लेख फार लक्ष देऊन वाचला. पुण्यातल्या काही हौशी खवय्यांनी पदार्थांना दहापैकी गुण दिले. तेंपेवर (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) ‘काळपट ठिपके, बुरशी आलेली’, मेंदोआनवर (पिठात बुडवून तळलेले तेंपे) ‘मऊ पडलेले’, तरासीवर (मुरवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा) ‘वास सहन होत नाही’ असे शेरे पडले आणि शेवटी ‘एकूण दर्जा सामान्य’ असा निकाल छापून आला.

एखाद्याला एखादी चव आवडली नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘मला आवडले नाही’ आणि ‘याचा दर्जा कमी आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान करण्यासाठी तो पदार्थ मुळात कसा असायला हवा, हे ठाऊक असावे लागते.

मेंदोआनचेच घ्या. मध्य जावातल्या बान्युमास भागात, पुर्वोकर्तोच्या आसपास, तेंपेची पातळ वडी केळीच्या पानात आंबवून तयार करतात. ती कांद्याची पात घातलेल्या पातळ पिठात बुडवून तेलातून अर्धवट तळून काढायची, लगेच गरम गरम, हिरव्या मिरचीबरोबर खायची. ते लवलवीतच असते. कुरकुरीत हवे असेल तर त्यासाठी तेंपेचे वेगळे काप मिळतात, त्यांना क्रिपिक म्हणतात. मेंदोआनचे ‘मऊ पडले’ म्हणून गुण कापणे म्हणजे पुरणपोळी कडक नाही म्हणून तिला नापास करणे. गुणपत्रिकेत ‘कुरकुरीतपणा’ हा रकाना छापला तिथेच त्या मेंदोआनचा निकाल लागला होता.

आता तेंपे. सोयाबीन भिजवायचे, सालपटे काढायची, शिजवून निथळून कोमट करायचे आणि त्यावर ऱ्हायझोपस जातीच्या बुरशीचे विरजण लावायचे. जुन्या पद्धतीत हे विरजण जास्वंदीच्या कुळातल्या वारू झाडाच्या पानांवर वाढवत. त्याला इथे उसार म्हणतात. मग केळीच्या किंवा सागाच्या पानात बांधून, किंवा हल्ली भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, साधारण दीड ते दोन दिवस ठेवायचे. बुरशीचे पांढरे धागे दाण्यादाण्यातून जातात आणि सुटे दाणे बांधून त्याची वडी होते. म्हणजे ‘बुरशी आलेली’ हा तेंपेतला दोष होऊच शकत नाही. बुरशी आली नाही तर तेंपेच होत नाही. राखाडी-काळे ठिपके पिशवीच्या भोकांभोवती दिसतात, कारण तिथे हवा जास्त मिळते आणि बुरशी बीजाणू धरू लागते. दिसायला ते वाईट, म्हणून व्यापारात त्याचे गुण कमी होतात, आणि ते योग्यही आहे. पण एवढ्यावरून माल खराब ठरत नाही.

या पदार्थासाठी लिखित कसोट्या नाहीत असेही नाही. इंडोनेशियाचे स्वतःचे राष्ट्रीय मानक आहे आणि २०१३ मध्ये अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने आशियासाठी तेंपेचे प्रादेशिक मानक मान्य केले. त्यात पाणी जास्तीत जास्त ६५ टक्के, प्रथिने कमीत कमी १५ टक्के, स्निग्धांश कमीत कमी ७ टक्के, असे प्रयोगशाळेत मोजायचे आकडे आहेत. आणि त्यांच्याच बरोबरीने माणसाच्या इंद्रियांनी पाहायच्या गोष्टीही आहेत: वडी घट्ट असावी, सुरीने कापताना फुटू नये, रंग दाट वाढलेल्या बुरशीचा पांढरा असावा, चव दाण्यांची, मांसाची, अळंब्यांची आठवण देणारी असावी, वास ताजा असावा, अमोनियाचा नसावा. आपल्या लेखातल्या खवय्यांच्या हातात एवढा एक परिच्छेद असता तरी शेरे वेगळे आले असते.

मात्र हे मानक ताज्या तेंपेचे आहे, आणि मला खरे महत्त्वाचे वाटते ते याच्या पुढचे. योग्यकार्ता, सोलो, केदिरी इकडच्या स्वयंपाकात जास्त मुरलेले तेंपेही लागते. दोन-तीन दिवस अधिक ठेवले की प्रथिने आणखी तुटतात, चवीला खोली येते आणि अमोनियाचा दर्प सुरू होतो. यालाच तेंपे सेमांगित म्हणतात, आणि त्याही पुढे गेलेल्याला तेंपे बोसोक. नारळाच्या दुधात मिरच्यांबरोबर ते शिजवून, ठेचून केलेला संबल तुंपांग (संबल म्हणजे मिरचीचे तिखट तोंडीलावणे) ही केदिरीची शान आहे. ताज्या तेंपेने तो केला तर जेवणारा पहिल्या घासाला ओळखतो. म्हणजे ज्या वासामुळे मानकानुसार माल नापास होतो, त्याच वासासाठी गृहिणी तो निवडून नेते. इथल्या बेरिंगहार्जो बाजारात तेंपे विकणारी एक वयस्क बू (म्हणजे बाई) आहे. ती गिऱ्हाइकाला आधी विचारते, कधी करणार आणि काय करणार. मग पानाच्या पुड्या एकेक हातात घेते. आंबवण चालू असेपर्यंत पुडी आतून ऊब देते. त्या उबेवरून, दाबून आणि हुंगून ती पुडी वेगळी काढते: ही आज तळायला, ही उद्यासाठी, ही भाजीत घालायला. माझ्या पॅनेलवर नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्यांदा तिच्याकडे नेते. ती दर्जा ठरवते तो उपयोगावरून, आणि पारंपरिक पदार्थाचा दर्जा ठरवण्याचा दुसरा कुठला मार्ग मला तरी दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे पदार्थांच्या चाखणीवरचे काही प्रकल्प-अहवाल माझ्या वाचनात आले, त्यांतही हीच अडचण दिसली. वर्गातल्याच विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ‘अर्धप्रशिक्षित पॅनेल’ म्हणून बसवायचे, नऊ गुणांची आवडनिवड पट्टी द्यायची आणि सरासरी काढून ‘नमुना क्रमांक दोन दर्जात सरस’ असे लिहायचे. ही नऊ गुणांची पट्टी कशासाठी तयार झाली ते पाहा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या शिकागोतल्या अन्नसंस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली, सैनिकांना कोणते अन्न आवडते हे समजावे म्हणून. ज्यांना ते अन्न खायचे होते त्यांनाच त्यांनी विचारले. पट्टी उत्तम आहे. ती आवड मोजते. जन्मात तेंपे न खाल्लेल्या तीस जणांची सरासरी काढली तर त्या तीस जणांची अनोळखी चवीबद्दलची भावना तेवढी कळते. पुण्यात माल खपेल का, हे ठरवायला ती उपयोगी आहे. तेंपे चांगले झाले का, हे त्यातून कळत नाही.

तरासीबद्दल तर मला कोकणातल्या वाचकांशीच बोलायचे आहे. तरासी ज्या कोळंबीपासून करतात ती रेबोन म्हणजे आपला जवळाच, त्याच असेटीस वंशातला. मीठ लावून, कुटून, उन्हात वाळवून, पुन्हा कुटून आठवडे मुरवलेला हा गोळा. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सुका जवळा हातात घेताच कळते, नीट वाळलेला आहे की ओल लागली आहे, रेती आहे की नाही, वास समुद्राचा आहे की कुजल्याचा. तरासीच्या पॅनेलला हेच भेद लागतात. ती कच्ची हुंगायला देऊन गुण मागणे अन्यायाचे आहे, कारण ती कोणी कच्ची खात नाही. आधी भाजतात, मग मिरचीबरोबर वाटून संबल करतात, तेही चिमूटभर. आम्ही ती भाजून, ठरलेल्या प्रमाणात संबलात घालून देतो आणि दोन नमुन्यांत नाकाला पुरेशी विश्रांती देतो, कारण अशा वासाला नाक लवकर सरावते आणि पुढच्या नमुन्याला न्याय मिळत नाही.

आपल्या लेखात एका तरासीला ‘आकर्षक लालबुंद रंग’ म्हणून जास्त गुण दिले आहेत, त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटली. चांगल्या तरासीचा रंग काळपट तपकिरी, थोडी जांभळट झाक असलेला असतो. भडक लाल दिसली की इथली जाणती गिऱ्हाइके हात मागे घेतात, कारण तरासीत ऱ्होडामाइन बी हा कापड रंगवण्याचा रंग मिसळल्याची प्रकरणे इंडोनेशियात वारंवार उघड झाली आहेत आणि अन्नात त्याला बंदी आहे. त्या पुण्यातल्या नमुन्यात तो होता असे मी म्हणत नाही. मी तो पाहिलेला नाही. पण पदार्थ माहीत नसताना रंगाला गुण दिले की भेसळ करणाऱ्यालाच बक्षीस मिळू शकते.

आणि जिभेवर किती विसंबायचे यालाही मर्यादा आहे. बान्युमास भागातच खोबऱ्याच्या चोथ्यापासून तेंपे बोंगक्रेक करीत असत. त्यात ऱ्हायझोपसऐवजी एका जिवाणूने जोर धरला की बोंगक्रेकिक आम्ल तयार होते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि शिजवून ते जातही नाही. १९३० च्या दशकात फान फेन आणि मेर्टन्स या डच शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला, तरी माणसे दगावत राहिली. १९८८ मधल्या मृत्यूंनंतर बोंगक्रेकच्या उत्पादनावर बंदी आली. तोच जिवाणू कधी कधी पिवळा रंगही सोडतो, म्हणून पिवळट दिसले की टाकून द्यायचे हे घरोघरी सांगत. पण पिवळे नाही म्हणजे निर्धोक, असे कधीच नव्हते. सुरक्षितता प्रयोगशाळेत तपासायची, चव माणसाने. ‘चवीला छान, म्हणजे खायला सुरक्षित’ असे सुचवणारे एक वाक्य आपल्या लेखात आहे, ते कृपया दुरुस्त करावे.

पुढच्या वेळी अशी चाखणी ठेवणाऱ्यांनी पदार्थ कुठल्या भागातला, ताजा की गोठवलेला, पानातला की पिशवीतला, किती मुरलेला, हे नमुन्यासोबत लिहावे. आपल्याकडे तेंपे अनेकदा गोठवलेले मिळते. ते वितळताना पाणी सोडते आणि वडी सैल होते, त्याचा दोष करणाऱ्याच्या माथी मारू नये. तुकडे सारख्या जाडीचे, तेल सारख्या तापमानाचे, नमुन्यांवर नावाऐवजी तीन आकडी क्रमांक आणि प्रत्येकाला वेगळा क्रम, एवढे तरी पाळता येण्यासारखे आहे. मुंबईत इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास आहे. हे पदार्थ लहानपणापासून खाल्लेली चार माणसे तिथे नक्की भेटतील. त्यांना बोलवा, आणि पुणेकरांची आवड वेगळ्या रकान्यात छापा. दोन्ही वाचायला मला आवडेल.

आमच्या पॅनेलचे तेंपे आणि तरासीचे वर्णनपत्रक मी मराठीत करून ठेवले आहे. आपल्या प्रतिनिधींना किंवा कुठल्या महाविद्यालयाला हवे असल्यास कार्यालयामार्फत कळवावे, मी विनामूल्य पाठवीन.

आपली,
चिपळूणची एक वाचक, सध्या योग्यकार्ता