सॉफ्टबॉलच्या बातमीत चुकाही छापा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर हौशी सॉफ्टबॉलची बातमी कधीमधी तीन ओळींत येते आणि तिन्ही ओळी होमरन मारणाऱ्याच्या असतात. मी 56 वर्षांची, दर रविवारी सकाळी शिवाजी पार्कवर एका मिश्र संघाची कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारी. गुडघे कुरकुरतात, तरी बसते. आमचं स्लो-पिच, म्हणजे चेंडू कमानीत येतो आणि दहावा फील्डर मिळतो. पण दहाजण असूनही आम्ही बहुतेक मॅचा फेकाफेकीत घालवतो.

परवाचंच सांगते. सातवी, शेवटची इनिंग. आम्ही दोन धावांनी पुढे, समोरच्यांचा एक आउट, त्यांचे रनर पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर. सरपटी चेंडू थेट शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, ग्लव्हमध्ये. सेकंड बेसला द्यायचा, तिथून फर्स्टला, की तीन आउट होऊन मॅच खलास. तिसऱ्या बेसवरून आलेली धावसुद्धा धरली गेली नसती. फर्स्टला उशीर झाला असता तरी दोन आउट आणि एका धावेची आघाडी हातात होती. पण आमच्या शॉर्टस्टॉपने बरीच वर्षं क्रिकेटची कांगा लीग खेळलेली. त्याने चेंडू उचलला आणि सणसणीत माझ्याकडे फेकला. तिसऱ्यावरचा रनर केव्हाच माझ्यापुढची होम प्लेट ओलांडून गेला होता. चेंडू माझ्या डोक्यावरून शेजारच्या क्रिकेट मॅचच्या स्लिपमध्ये! तो परत येईस्तोवर पहिल्या बेसवरचाही घरी आला, बॅटर तिसऱ्यावर. पुढच्या फटक्यावर हरलो.

नंतर वडापाव खाताना तो म्हणतो, "ताई, 'कीपर, कीपर' असं ऐकू आलं हो." आलं असेलही. ते शेजारच्या मॅचमधून आलं. पार्कात रविवारी कोणाचा लाँगऑन कोणाच्या आउटफिल्डमध्ये उभा असतो, देव जाणे.

दोष एकट्याचा नाही. मुंबईतल्या पोराच्या हाताला लहानपणापासून एकच वळण: उचल आणि कीपरकडे फेक. क्रिकेटमध्ये ते बरोबर. सॉफ्टबॉलमध्ये मागचा येतोय म्हणून पुढे जाणं भाग पडलेल्या रनरला चेंडू लावून टॅग करावं लागत नाही. चेंडू घेऊन त्याच्या पुढच्या बेसवर पाय टेकला की तो आउट. मग सर्वात जवळचा, हमखास मिळणारा आउट सोडून लांब होमला कशाला फेकायचं? दोनची आघाडी असताना तिसऱ्यावरच्या रनरला खुशाल घरी जाऊ द्यावं. बरोबरी करणारा तो नाहीच, बरोबरी करणारा पहिल्यावर उभा आहे.

आता प्रत्येक पिचआधी मी उभी राहून बोटांनी किती आउट ते दाखवते आणि ओरडते, "प्ले सेकंडला!" सगळं मैदान समोर दिसतं ते मलाच, तेव्हा हे काम माझंच. 'कीपर' या शब्दावर संघात बंदी घातली आहे.

दुसरी गोष्ट राइट फील्डची, म्हणजे मैदानाच्या मागच्या उजव्या भागाची. नवख्या खेळाडूला तिथे उभं करतात, कारण उजव्या हाताच्या बॅटरचे जोरकस फटके बहुधा डावीकडे जातात. ठीक आहे, पण बेसजवळच्या इनफिल्डमधून फर्स्टला थ्रो निघाला की राइट फील्डरने त्यामागे धावलंच पाहिजे. आमच्या तिथल्या मुलीला कोणी हे सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर पहिल्याच रविवारी तिने निसटलेले दोन चेंडू अडवले. ते ना कोणी पाहिलं, ना वहीत आलं.

म्हणून विनंती. सॉफ्टबॉलच्या धावफलकाच्या शेवटी तीन आकडे असतात: धावा, हिट, एरर (चुका). तुम्ही पहिलाच छापता. तिसराही छापा, जागा दोन अक्षरांची लागेल. आमच्या परवाच्या मॅचमध्ये तो सहा होता.

त्यातला शेवटचा शॉर्टस्टॉपच्या नावावर लागला. चेंडूसाठी मागे सरून उडी मारायची सोडून मी प्लेटला पाय चिकटवून नुसता हात वर केला होता. ते स्कोअररने लिहिलं नाही.

– एक कॅचर, दादर (पश्चिम)