चिमुकल्यांच्या रोजाचे फोटो नकोत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रमजान लागला की तुमच्या शहराच्या पानावर एक फोटो हमखास येतो. सहा-सात वर्षांचं लेकरू, डोक्यावर नवी टोपी, गळ्यात हार आणि वर मथळा : ‘चिमुकल्याने कडक उन्हात धरला रोजा’. यंदा रमजान फेब्रुवारीत लागला, तरी मथळ्यातलं ऊन कडकच! हे फोटो छापणं बंद करा, एवढंच सांगायला हे पत्र.

मी स्वतः रोजे धरते. सोलापुरात मराठी शाळेवर पस्तीस वर्षं शिकवून 2023 मध्ये निवृत्त झाले. त्याच्या आदल्या वर्षी रमजान एप्रिलात होता आणि करोनात बुडालेला अभ्यास भरून काढायला एप्रिलभर शाळा चालू होती. माझ्या तिसरीतल्या एका पोराचा असाच फोटो आला. कुणीतरी अंक वर्गात आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरच्यांनी त्याला एकच रोजा धरू द्यायचं ठरवलं होतं. पण पेपरात आल्यावर याने दुसऱ्या दिवशीही धरला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीशी दिसला. ओंजळ तोंडाशी नेली, गुळणी केली, थुंकला. चार पोरं त्याला खेटून उभी होती आणि त्याच्या गळ्याकडे बघत होती, घोट खाली उतरतो का ते! मी त्याला ऑफिसात नेलं, ग्लास पुढे केला. म्हणाला, “मॅडम, पेपरात आलंय ना.” दार लावल्यावर मात्र प्यायला. बाहेर पडताना त्याने बाहीने ओठ पुसले, दोनदा.

रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, होतो तो वयात आल्यावर. लहान मुलांना सवय लावायची रीत जुनी आहे, हे मी नाकारत नाही. मदिनेतल्या बायका आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, रोजाला मुलांसाठी लोकरीची खेळणी करून ठेवत. मूल भुकेनं रडू लागलं की खेळणं हातात देत, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातच, आहे. माझा स्वतःचा पहिला रोजा 1973 चा, आठव्या वर्षी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, रमजान ऑक्टोबरात आला होता. त्याआधी दोन वर्षं दादी मला ‘चिडी रोजा’ धरायला लावायची. म्हणजे दुपारपर्यंत उपाशी राहायचं, मग चुलीपुढे बसून भाकरी खायची. दोन अर्धे मिळून अल्लाहकडे एक पुरा लिहितात, असा तिचा हिशेब. खोटा असेल, पण मायेचा होता. पहिल्या पुऱ्या रोजाला शेजारणींनी हार घातला, संध्याकाळी एक खजूर आम्ही तिघा भावंडांनी वाटून खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच चहा प्यायले. कुणी काही म्हणालं नाही, कारण गल्लीबाहेर कुणाला माहीतच नव्हतं.

मुलांचं सोडा, मोठ्यांनाही हे जड जातं. आजारी आणि प्रवासी यांना सूट कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातच, म्हणजे अध्यायातच, दिलेली आहे. राहिलेले रोजे मागाहून भरून काढायचे आणि ज्याला ते कधीच झेपणार नाहीत त्याने रोजागणिक एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदिया म्हणतात. माझे मिस्टर इन्सुलिनवर आहेत, त्यांचा फिदिया आम्ही दरवर्षी देतो. तरी दुपारी जेवताना ते दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतात. मी नोकरीत असताना पाळीच्या दिवसांत रोजा नसायचा, तेव्हा नकाशे ठेवायच्या खोलीत डबा खायचे. “आज रोजा नाही का, मॅडम?” हे विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण उत्तर काय देणार? शाळेत, कचेरीत कुणालाच कृपया हे विचारू नका. आमच्या लोकांनाही हेच सांगणं आहे. ‘रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन’ असं अल्लाहचं वचन ज्या इबादतीबद्दल आहे, तिची हजेरी आपण का घ्यायची?

जागा भरायचीच असेल तर फित्र्याबद्दल छापा. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, धान्य किंवा त्याची किंमत गरिबाच्या घरी पोचवायची असते, म्हणजे त्याच्याकडेही त्या दिवशी शिरखुर्मा होतो. धान्याचा भाव बदलला की रक्कम बदलते. यंदा माणशी किती, हे पेपरात आलं तर निदान उपयोगाचं तरी होईल.

फोटो आईबापच पाठवतात, तुम्ही मागायला जात नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही छापला नाही तर तो व्हॉट्सॲपवर फिरेल. फिरू द्या. त्याचं कात्रण करून कुणी वर्गात आणत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सोलापूर