नेमकं काय सापडलं नाही, हे विचारल्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

जिवापाड आवडलेल्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून मी फार खट्टू झाले होते. टीझरपासून मुलाखतींपर्यंत एवढा गाजावाजा, आणि हाती काहीच लागलं नाही. ‘पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा’ म्हणून बहुतेकांनी माझी बोळवण केली. तुम्ही मात्र रसास्वादाचा वर्ग संपल्यावर थांबलात आणि विचारलंत, “नेमकं काय सापडलं नाही?” त्या प्रश्नासाठी हे पत्र.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब तुम्ही आधी मांडलात. त्यामुळे मामाचं उपकथानक आणि कॉलेजची वर्षं का गळली, ते कळलं. पण मला सलत होतं ते वेगळंच, आणि तुम्हीही तेवढ्यावर विषय मिटवला नाहीत. तुम्ही उदाहरण दिलंत: बिभूतिभूषण यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीत घरातली म्हातारी आत्या इंदिर ठाकरुण, छोटा नायक अपू अगदी लहान असतानाच मरते, सत्यजित राय यांनी १९५५च्या चित्रपटात तिला बरंच पुढे जगवलं. एवढा मोठा बदल, तरी म्हातारी आणि अपूची बहीण दुर्गा यांची माया त्यामुळेच पडद्यावर इतकी भरून येते.

आपल्या सिनेमात उलट झालं. गाजलेले प्रसंग सगळे होते, संवादही जसेच्या तसे. नव्हतं ते निवेदिकेचं टाळणं. पुस्तकात ती बहिणीविषयी बोलत नाही, आणि त्या न बोलण्यातूनच आपल्याला सारं उमगतं. इथे सुरुवातीलाच तिचा आवाज सगळं सांगून टाकतो. “कॅमेऱ्यालाही टाळता येतं की,” तुम्ही म्हणालात. “घरभर फिरला असता, पण बहिणीच्या खोलीचं दार त्याने कधी उघडलंच नसतं.” तो न घेतलेला शॉट मला प्रत्यक्ष सिनेमापेक्षा स्पष्ट आठवतो!

माझी निराशा म्हणजे भाबड्या वाचकाचा हट्ट नव्हे, तिला कारण आहे, हे तुम्ही मला दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

शेवटाबाबत मात्र मला तुमचं अजून पटलेलं नाही. तो बदलणं भाग होतं असं तुम्ही म्हणता. माझ्या मते सारी कादंबरी त्या शेवटाकडेच चाललेली असते. पुढच्या वर्गाला पुस्तक घेऊन येते, खुणा करून ठेवल्या आहेत.

आपली विद्यार्थिनी