डिझेलचे वजन कोण मोजणार?

महोदय,

चाकण आणि भोसरी परिसरातून पोलादाची गुंडाळी व यंत्रसामग्री वाहून नेणाऱ्या उघड्या ट्रेलरच्या व्यवसायात मी अनेक वर्षे आहे. जादा भाराबद्दल बरेच लिहिले जाते. मात्र टाकीतील डिझेललाही वजन असते, हे माल भरणाऱ्याच्या खिजगणतीतच नसते. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरते, म्हणजे ४०० लिटरची टाकी काठोकाठ भरली की सुमारे ३३० किलो वाढतात, आणि तेही ट्रेलरवर नव्हे, तर पुढच्या इंजिनगाडीच्या चाकांवर.

मागे एका कारखान्यात टाकी जवळजवळ रिकामी असताना आमची गाडी काट्यावर घेतली, परवानगीच्या वजनाला टेकेपर्यंत माल चढवला आणि वाटेत डिझेल भरल्यावर पुढच्या काट्यावर ती जादा ठरली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० असल्याने हा हिशेब क्षुल्लक नाही. शिवाय एकूण वजन बसले, तरी गुंडाळी हातभर पुढे ठेवली गेल्यास एकाच ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एकाच आसावर, बोजा वाढतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेकची कसोटी आधीच लागते.

कारखान्यांनी वजनचिठ्ठीवर टाकीतील डिझेलची नोंद करावी आणि प्रत्येक ॲक्सलचे वजन स्वतंत्र मोजावे, अशी विनंती आहे.

– एक ट्रेलरमालक, पुणे